क्लबाचा वाटा

रांपण ओढून झाली की वाळूवर वाटे पडायचे.
होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्या हातांचे,
आणि शेवटी टोपलीच्या तळातून
क्लबाचा एक.
त्या वाट्यावर वेंगुर्ल्यात चौदा जोड बूट आले.
गोलकीपर इनास तरी अनवाणीच खेळायचा.
बुटात पाय मुका होतो, म्हणायचा.

तेव्हा आम्ही दर्या इलेव्हन.
आता छातीवर कोळंबी छापलेली
आणि नाव वेतोरकर सी-फूड्स एफसी.
शेटनी क्लब घेतला त्या दिवशी
ताशे आम्हीच वाजवले, खोटं कशाला बोला.
मैदानावर दिवे लागले, डोळे दिपवणारे.
नातालीन म्हणाली, हे तर त्यांच्या पर्सनेटच्या बोटींवरचेच.
मध्यरात्री भर समुद्रात पेटतात
आणि खालचा बांगडा
लग्नाचं आवतण आल्यासारखा वर येतो.
आम्ही हसलो.
वर आलो.

पाच मोसम झाले, कप नाही.
चार कोच आले नि गेले,
त्यातल्या एकाला बोट लागायची, किनाऱ्यावर उभ्या उभ्या.
यंदाचा स्ट्रायकर बिपुल, मालद्याचा.
चांगला पोरगा. नातालीनकडे जेवतो,
आता मुडदुशीचा काटा त्याला लागत नाही,
पगार झाला तर आईला पैसे पाठवतो.
त्याचा राग येत नाही.
राग येतो खुर्च्यांचा.
पश्चिमेच्या बांधावर, जिथं जाळी विणता विणता आम्ही मॅच बघायचो,
तिथं शेटच्या पाहुण्यांच्या गादीच्या खुर्च्या,
आणि हाफटाइमनंतर त्याही रिकाम्या.

मी रेषा मारतो. एकतीस वर्षं.
पूर्वी तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून चुना करायचो.
ज्या घरी तिसऱ्या शिजायच्या
ते घर माझ्यासाठी शिंपल्या राखून ठेवायचं.
आता रंगाचा डबा येतो, मागून पावती येते,
पावतीमागून शेटचा भाचा.
परवा म्हणाला, ऑफसाइडची रेषा पुसट झालीय,
नीट मारून घ्या.
घेतो, म्हटलं.

फायनल शिरोड्याशी.
दत्ताराम गिरप नारळ घेऊन गोलपोस्टपाशी उभा राहिला.
त्याचं गाऱ्हाणं आम्हाला पाठ आहे, वर्षानुवर्षं तेच.
यंदा तो मध्येच थांबला. पोस्टला हात लावला.

'बा देवा म्हाराजा,
पाच वर्सा तुज्याकडे कप मागलो.
यंदा कप नको.
क्लब आमचो, तो आमका दी.
आमी हरलव तरी चलात.'

कुणी ओ देईना.
मग मागून इनास, सत्तरी गाठलेला,
गळ्यातला क्रूस चाचपत,
'व्हय म्हाराजा.'
मग सगळेच.

ठरलं होतं, तोंड शिवून बसायचं.
टाळी नाही, शिवी नाही.
शून्य-एकने मागे पडलो तेव्हा कुणी हललं नाही,
मागितलं तेच पदरात पडत होतं.
पण सत्त्याऐंशीव्या मिनिटाला
बिपुल एकटा, समोर फक्त त्यांचा गोलकीपर,
आणि अख्खी वाडी उभी.
इनास उभा, नातालीन हातातलं पोर दुसऱ्याच्या अंगावर टाकून उभी,
दत्ताराम तर माझ्या रेषेवर पाय देऊन आत,
'मार रे झिला! मार!'
देवाशी काय बोललो होतो
ते त्या क्षणी देवालाच ठाऊक.

चेंडू बारवरून सुरूच्या बनात गेला.

चेंडू आणायला मीच जातो, कुणी सांगावं लागत नाही.
बनात शेटचे दिवे पोचत नाहीत.
वाकून, सुरूच्या काड्यांतून, हातानं शोधावा लागतो.
सापडला. जरा गार, वाळू लागलेला.
अंधारात त्याच्यावरची कोळंबी दिसत नाही.
हाताला तर अजिबातच लागत नाही.

'गावलो काय रे?'
मैदानातून दत्तारामची हाक आली.

मी थोडा वेळ ओ दिली नाही.