दोन अर्धे

सीपीआरच्या मानसोपचार ओपीडीबाहेर
तिसऱ्या बाकड्यावर सातापा लोहार बसतो.
गळ्यात ओळखपत्र, फोटोखाली हुद्दा : सोबती.
पगार काढणाऱ्या क्लार्कनंही दोनदा विचारलं म्हणे,
म्हणजे नक्की काय करायचं असतंय?

शिरोलीच्या फौंड्रीत तो साचे भरायचा.
एके रात्री भट्टी त्याला नावानं हाक मारू लागली,
नंतर शिव्या.
हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पहिल्या दिवशी एवढंच : "जेवलास काय?"
मी भिंतीकडं.
आई म्हणाली, आठ दिस झालं, तोंड उघडत न्हाई.

त्यानं दोन चहा आणले.
माझा हात गोळ्यांनी थरथरणारा;
चहा बशीत, बशीतला प्यांटीवर.
मी मान खाली घातली.
तेवढ्यात शेजारी किणकिण.
त्याचीही बशी वाजत होती.

"नऊ वर्षं वाजत्या," तो म्हणाला,
"म्हणून कप अर्धाच घेतो, भावा."

बरा होशील, असं काही तो बोलला नाही.

पुढच्या बुधवारी चहावाल्याला मी म्हणालो,
"दोन. अर्धे."
पंधरा दिवसांतलं पहिलं बोलणं माझं,
आणि सातापानं पैसेही
मलाच द्यायला लावले.