‘क’ प्रत

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी नोटांचे करकरीत ताव उजेडात धरले.
शाई केसभर सरकली तरी डोळा अडायचा.
म्हणून निरगुड्यांचा पाया
माझ्या अबोलीच्या वाफ्यात नऊ इंच आलाय
हे दोरी लावायच्या आधीच दिसलं होतं मला.

आधी सांगून पाहिलं.
निरगुडे म्हणाले, "मावशी, नऊ इंचात काय
बंगला बांधणार आहात?"
म्हटलं, "नाही. अबोली लावणार. लावलेली होती."
ते हसून इद्रिस मिस्त्रीकडे बघायला लागले,
मिस्त्री ओळंब्याकडे.
ओळंबा आपला लोंबत राहिला.

दुसऱ्या दिवशी खडीचा ढीग गवती चहावर.
तिसऱ्या दिवशी सिमेंटचं पाणी आळ्यात शिरलं
आणि तिथंच वाळलं,
तव्याला चिकटलेल्या धिरड्यासारखं.
भाऊ फोनवर म्हणाला, जाऊ दे, शेजार आहे.
महापालिकेत म्हणाले, अर्ज करा.
अर्ज केला. पोच घेतली.
पोच पेन्शनच्या फायलीत ठेवली,
फाइल गादीखाली.

मग मोजणीची फी भरली, तातडीची.
तातडीनं, म्हणजे सात आठवड्यांनी,
भूमापक आला. सटाण्याकडचा कोवळा पोरगा,
टोपी विसरलेला.
तिपाईवर यंत्र, काठीवर भिंग,
आणि निरगुड्यांकडचे सगळे
हातातलं काम हातातच धरून उभे.
"नऊ नाही, आजी," तो म्हणाला, "साडेदहा."
मी निरगुड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.
इतकं बरं वाटलं, की वाईटच म्हणायचं ते.

मग तो मागच्या अंगाला गेला.
मागं माझं लिंबाचं झाड.
जुन्या तारेच्या कुंपणाला टेकून वाढलेलं,
लोणच्याचं, सरबताचं, दारात बांधायचं,
सगळं त्याच्यावर.
यंत्रानं जरा वेळ घेतला.
पोरानं लाल रंगाचा डबा उघडला
आणि खूण केली
बुंध्याच्या अलीकडं.
चांगली दीड हात अलीकडं.

"म्हणजे?" मी विचारलं.
खरं तर डोळा केव्हाच अडला होता.

निरगुडे आता म्हणू शकले असते,
मावशी, दीड हातात काय बंगला बांधणार.
मी वाटच बघत होते.
त्यांनी पोराला पाणी दिलं. मलाही विचारलं.

ठरलं असं काही नाही आमच्यात.
पाया आहे तिथंच राहिला.
छज्जा मात्र आखूड केला,
पागोळी माझ्याकडं पडणार नाही इतका.
कंपाउंडची भिंत मागं सरळ येत आली
आणि लिंबापाशी
त्यांच्या बाजूला वळून गेली,
गर्दीत बाईला वाट देताना
कुणी पोट आत घ्यावं तशी.
वळणाला विटा जास्त लागल्या, एकशे चाळीस.
त्याचे पैसे निरगुड्यांनी माझ्याकडून घेतले.
पावती दिली. तीही फायलीत आहे.

अबोली आता डब्यांत आहे, पायरीवर.
डब्यात ती नाखुशीनंच फुलते.

कधी कधी दुपारी
मोजणीची ‘क’ प्रत खिडकीशी नेते,
उजेडात धरते. सवय.
आत जलचिन्ह वगैरे काही नाही.
एक रेघ आहे फक्त, सरळ, लाल,
भिंतीशी कुठंच न जुळणारी.
छपाईचा असा ताव
मी नक्की बाजूला काढला असता.