साप नसलेल्या देशात

शाळेच्या स्वयंपाकघराच्या लिलावात
पन्नास लिटरचं पातेलं मिळालं, बुडाला पोचे आलेलं.
तीस वर्षं त्यात सूप शिजलं असेल;
आता आमची बिअर रटरटणार होती.
तोटी मी बसवली. भोक पाडताना
ड्रिलचं टोक मोडलं आणि एक शिवी सुटली,
ती मुलांच्या खोलीपर्यंत गेली.

प्रश्न होता गाळणीचा.
उकळून झालं की हॉप्सचा चोथा
तोटीच्या तोंडाशी येऊन दाटतो,
फाटकाशी मेंढ्या दाटाव्यात तसा.
दुकानातली गाळणी नव्वद डॉलर.
"नव्वद?" ॲथॉल म्हणाला. "नव्वद?"
जणू ते कुणा बदनाम माणसाचं नाव होतं.

ॲथॉल चाळीस वर्षं प्लंबर.
रिवाकातले निम्मे संडास तो नावानिशी ओळखतो.
आता हात थरथरतात,
म्हणून हात माझे, तोंड त्याचं.

त्याने डब्यातून गीझरची जुनी नळी काढली.
वरून पोलादी तारांची वीण, आत काळं रबर.
दोन्ही टोकं करवतीने उडवली.
मी वीण ओढायला लागलो.
जितकी ओढावी तितकी ती आवळत गेली,
बोटांत तारा घुसल्या, रक्त आलं.
"ओढू नकोस. ढकल."
"कुठे?"
"उलटी. तिच्याच अंगात तिला ढकल.
सैल होऊ दे."

ढकलली. ती फुगली,
आणि सरसरत अख्खी हातात आली.
कात.
कात मी जन्मात पाहिलेली नाही,
न्यूझीलंडात सापच नाहीत.
तरी हाताला कळलं.

एक टोक दुमडलं, पुन्हा दुमडलं, हातोडीने चेपलं.
दुसरं तांब्याच्या नळीवर चढवून वर क्लिप आवळली.
तळाशी वेटोळं घालून ठेवली.
ॲथॉल वाकून बघत राहिला,
पाळण्यात बघावं तसा.

पहिल्याच घाण्याला तुंबली.
हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्यांचा हिरवा चिखल झाला होता,
त्याने तारेचं भोक न् भोक लिंपून टाकलं.
थेंब. मग थेंबही नाही.
मी नळीला तोंड लावून फुंकलं,
कडू घोटच परत आला.
रात्री अकरापर्यंत चहाच्या गाळणीने
मगामगाने उपसत बसलो.
ॲथॉल काही बोलला नाही. टोपी घातली, गेला.
त्याने सांगितलेली नळी
आजवर कधी तुंबली नव्हती.

पंधरा दिवस त्याने फोन उचलला नाही.

मार्चात काढणी.
भट्टीवर सुकवलेल्या फुलांची पिशवी घेऊन तो दारात,
सबंध फुलं, गोळ्या नव्हेत.
त्याच्या कोटाला, गाडीला, कुत्र्याला, सगळ्याला तोच वास.
उकळलं. वीस मिनिटं थांबलो. तोटी उघडली.
गढूळ.
मी बंद करायला गेलो तर त्याने मनगट धरलं.
त्याच्यामुळे आता दोघांचेही हात थरथरत होते.
"ते परत वर ओत. अलगद."
ओतलं. पुन्हा ओतलं.
फुलं एकमेकांवर बसत गेली.
तारेने फक्त पहिली चार फुलं अडवायची होती,
पुढचं फुलंच बघत होती.
ज्याला गाळायचं तोच चोथा
गाळत होता.

धार निवळली.
ॲथॉलने ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला
आणि त्याच्या आरपार, भिंतीवरच्या कॅलेंडरावरची तारीख
मोठ्याने वाचली: "अठरा."
मग बऱ्याच वेळाने,
"नव्वद डॉलर!"

आतलं काळं रबर बाकावर तसंच पडलं होतं.
म्हणजे कात आम्ही ठेवली, साप टाकला.
ब्रॉनविनने तो स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात
वळणं देऊन सोडला,
पाखरं भितील म्हणून.

सकाळी एक पाखरू
त्याच्या पाठीवर उभं,
चोच लाल.