उत्तर : मीटरमध्ये

गणित जुन्याच पुस्तकातलं.
ट्रकचा वेग सेकंदाला वीस मीटर,
ब्रेक लागतो, मंदन चार,
थांबेपर्यंत अंतर किती?

नववीच्या एकोणीस वह्या.
सतरांत पन्नास.
एर्मेकच्या वहीत उणे पन्नास,
त्याचा ट्रक दरवेळी मागे जाऊन थांबतो.

खाली माझी एक पुरवणी होती :
मेंढ्यांचा कळप अठ्ठेचाळीस मीटरवर असेल तर?
दोनच मीटर कमी पडले की, पोरं म्हणाली,
ट्रक जवळजवळ थांबलाच.
वर्गमूळ काढा, म्हटलं.
निघाले चार.
वर्ग जरा गप्प झाला.
वेग समान हप्त्यांनी फिटत नाही,
अर्धं अंतर सरलं तरी
वीसातले चौदा अंगावर असतातच,
उरलेलं सगळं शेवटच्या पावलांवर.

एकोणिसावी वही बुरुलची.
बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर :
"पुस्तकात मंदन चार.
डोलोन घाटाखाली, जानेवारीत, एक.
म्हणून दोनशे मीटर.
वेळ वीस सेकंद."

लाल पेन उचललं,
परत ठेवलं.

सकाळी विचारलं, हा एक कुठून आणलास?
"रस्त्याकडेचे खांब, एझेके.
पन्नास-पन्नास मीटरवर आहेत.
मी बाबांच्या शेजारी होते,
मागे कारा-केचेचा कोळसा.
चार खांब गेले."
मग बोटं उघडून तिनेच दुरुस्त केलं :
"खांब पाच. मधल्या जागा चार."

आणि वेळ?
"मोजत होते.
बाबा काही बोलत नव्हते,
म्हणून मोठ्यानं मोजलं."

पुढे रस्त्यावर काय होतं?

तिनं वही ओढून घेतली.
"ते गणितात लागत नाही."

नियम असा, की दिलेलीच संख्या घ्यायची.
अर्धा गुण कापला मी.
आजही तो अर्धा गुण
माझ्याकडेच पडून आहे.

शुक्रवारी तिचे वडील शाळेचा कोळसा घेऊन आले.
आवार सपाट, तळहातासारखं.
इंजिन बंद. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.
तरी ते उतरले, वाकले,
मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला,
बुटाच्या टाचेनं दोनदा ठोकला,
आणि मगच वर बघून
मला सलाम केला.