कारणाचा रकाना

फॉर्मवर बोटभर रुंदीचा एक रकाना आहे: कारण.
त्यात आम्ही लिहितो, पडला.
पडली.
सिव्हिलच्या एक्स-रे खोलीत अकरा वर्षं झाली,
आता हा शब्द पेनच लिहून टाकतं,
मला बघावंही लागत नाही.

आज संध्याकाळी अर्सलान, वय सहा, भद्रकालीचा.
बापाचं गाद्यांचं दुकान.
एका थप्पीवरून दुसऱ्या थप्पीवर उडी,
आणि सबंध दुकानात जिथे कापूस नव्हता
नेमका त्याच फरशीवर तो पडला.

त्याच्या आधी मिहिका कुशारे, मखमलाबाद,
द्राक्षांच्या क्रेटवर क्रेट, क्रेटवर ती.
त्याच्या आधी सिडकोतला शर्विल,
वाढदिवसाचे नवे स्केट्स पायात, कोपराची पॅडं खोक्यात,
फोटोत बरी दिसत नाहीत म्हणून.
आणि बागेतल्या लोंबकळायच्या दांड्यांवरून तर किती.
खाली वाळू होती म्हणे पहिल्या वर्षी,
आता पेव्हर ब्लॉक आहेत, झाडायला सोपे.

पडताना माणूस तोंड वाचवतो.
हात आपणहून पुढे जातो, तळवा उघडा, कोपर ताठ;
मुलांचं तर जरा उलटंही वाकतं, सांधे अजून सैल.
सगळं वजन मनगटातून वर चढत जातं
आणि दंडाच्या खालच्या टोकाशी अडतं,
जिथे पुढून एक खळगा, मागून एक खळगा
आणि मधे हाड
उजेडात धरलं तर पापडासारखं.
पाच ते सात, फार तर आठ.
दुधाचे दात पडायच्या वयातच हेही.

बहुतेकदा डावाच हात असतो.
उजव्यात काहीतरी धरलेलं असतं ना,
मांजाची फिरकी, कुल्फी, भावाची कॉलर.

वार्षिक परीक्षा संपली की आम्ही बाहेर दोन बाकं वाढवतो.
पाच ते आठ, दिवेलागणीची गर्दी.
संक्रांतीला पुन्हा.
आया न विचारताच सांगतात,
मी फक्त दूध उतरवायला गेले होते.
बाप भिंतीवरची सूचना वाचत राहतात,
तीच, परत परत.

मी बोटं बघते आधी. गुलाबी आहेत का, ऊबदार आहेत का.
हलव बघू. अंगठा दाखव मला, शाब्बास.
तेल चोळलंय का कुठे? खरं सांगा.
ओशाळून कुणीतरी मान हलवतंच.

माझा डावा हात सरळ केला
की कोपरापासून आत वळतो, अंगाकडे.
ब्लाउज शिवणाऱ्या बाईंनाच तेवढं माहीत.
ओझरला मामांच्या ट्रॉलीवरून, सातव्या वर्षी.
कामट्या बांधल्या, एरंडाचं तेल, एकवीस दिवस.
तेव्हा फॉर्म नव्हता.
कशी पडलीस, असं कुणी विचारलं नाही.
विचारलं ते एवढंच:
तुला चढायला कुणी सांगितलं होतं?

म्हणून आज मी रकान्यात लिहायला घेतलं,
दोन थप्प्यांच्या मधे, उडी थोडी कमी पडली,
सोबत मोठं कुणी,
आणि अक्षरं पत्त्याच्या ओळीत घुसली.
गांगुर्डे भाऊ खिडकीतून म्हणाले,
मॅडम, कॉम्प्युटर एवढं घेत नाही.

खोडलं. पडला.

अर्सलान प्लास्टरच्या खोलीकडे निघाला, पुन्हा मागे वळला,
आंटी, मधली जागा एवढीच होती,
आणि चांगल्या हाताची वीत करून दाखवली.
पेन खिशात घातलं होतं.
फॉर्मच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं:
एक वीत. त्याची.