फुली आणि गोल

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका अंगाला फुली,
दुसऱ्या अंगाला गोल.
सकाळी फुली वर, दुपारी गोल, रात्री पुन्हा फुली.
मुकाशला आठवत नाही दुपारी कोण वर होतं,
म्हणून मी भिंतीवरही लिहून ठेवते.

पेटी क्लावदियाची. मोडक्या फ्रिजचं पोट,
आत दोन बल्ब, एक पंखा, पाण्याची बशी.
मुलाकडे रशियाला कायमची जाताना
तिनं पियानो विकला, मांजर शेजारी दिलं
आणि पेटी माझ्या दारात ठेवून म्हणाली,
बुरुल्चा, साडेसदतीस.
छत्तीस नाही. एकोणचाळीस तर नाहीच नाही.
तीस वर्षांच्या शेजाराचा एवढाच निरोप.

बालिकचीला रूळ संपतात, पुढे नुसतं सरोवर.
मी स्टेशनात तिकिटं फाडली, मुकाशनं मासे धुरावले,
मग माशांचा कारखाना मिटला, मग गाड्याही रोडावल्या.
लाव्यांना काय, एक खाट मावेल एवढी जागा पुरते.
कॅफेवाला जिर्गाल डझनावर घेतो,
लग्न असेल तर चाळीस.

सोळाव्या दिवशी वीज गेली.
दुपारपासून उलान सुटला होता,
आमचा पश्चिमेचा वारा, दगडालाही कड बदलायला लावणारा.
कुठंतरी तार तुटली.
मुकाश म्हणाला, गेली साठ अंडी,
आणि अंधारात चहा ओतू लागला, बराचसा टेबलावर.

चुलीवर पाणी तापवलं, बाटल्या भरल्या,
पेटीभोवती गोधड्या, गोधड्यांवर त्याचा कोट.
तरी दाराकडची बारा अंडी हाताला गार लागली.
त्याच्या डोक्यावरची नमद्याची उंच टोपी ओढली,
बारा अंडी तिच्यात,
टोपी स्वेटरखाली, पोटाला लावून.
दोन बाळंतपणं झालेलं पोट, ढिलं,
पण ऊब धरून ठेवणारं.
रात्रभर बसून. कूस बदलायची सोय नाही.
मुकाश घोरत होता उघड्या डोक्यानं.

पहाटे पोटावर कुणी नखानं टिचकी मारावी तसं झालं.
मग पुन्हा.
मी श्वास धरला.
एक टोपीतच फुटलं. ओलं, भुंग्याएवढं,
आणि केवढा राग त्याला!

साठांतली एक्केचाळीस निघाली.
पाण्याच्या ताटलीत आयपेरीनं आपल्या गोट्या टाकल्या,
पिल्लं बुडू नयेत म्हणून, हिरवी मात्र दिली नाही.
तिसऱ्या आठवड्यात नरांच्या छाती गंजाच्या रंगावर आल्या,
पाचव्यात ते रात्री तीनला बांग देऊ लागले,
सहाव्यात जिर्गालचा फोन आला.

मुकाशच्या हातून होत नाही.
हजारो मासे चिरले त्यानं, पण मासा ओरडत नाही म्हणतो.
तो मागच्या अंगणात पाणी तापवतो, पिसं काढतो.
सुरी माझी. बिस्मिल्ला प्रत्येकाला वेगळं.
सगळ्यांना मिळून एकदाच म्हटलं तर चालेल का,
हे मुल्लाला विचारायचं माझं धाडस नाही.
मुठीत धरलं की कळतं
लाव्याचं अंग साडेसदतीसहून बरंच गरम असतं.
क्लावदिया हे बोलली नव्हती.

आयपेरी शाळेतून आली, बादलीत डोकावली.
आजी, यांतले टोपीतले कोणते?

मला नाही सांगता आलं.
खूण मी केली होती गं,
पण ती कवचावर.

रात्री चार आमच्यासाठी तळले, कांदा, काळी मिरी.
तिनं दोन तंगड्या खाल्ल्या, बोटं चाटली,
मग विचारलं, नवी अंडी कधी ठेवायची?

शनिवारी लग्नाला जाताना मुकाशनं टोपी झटकली.
अस्तराला चिकटलेला कवचाचा ठिपका,
नखाएवढा, त्यावर अर्धी फुली.
त्यानं तो खरवडला, निघेना.
वारा होता. उशीर झाला होता.
तशीच टोपी डोक्यावर दाबून
तो गाडीत बसला, चाळीस पक्ष्यांचा डबा मांडीवर घेऊन.