सुकटीची वही

बुधवारच्या बाजारात, गोदेच्या काठी,
ठकूबाई लोणारे सुकट विकतात.
त्यांना अक्षर येत नाही, म्हणून वही मी लिहितो,
चौथीत होतो तेव्हापासून.
एकतीस वर्षांत नऊ वह्या झाल्या.
पहिलीला अजून बोंबलाचा वास येतो,
बायकोने तिला गच्चीवर हाकललं आहे.

ठकूबाईंनी समुद्र पाहिलेला नाही.
समुद्रच पहाटे त्यांच्याकडे येतो, गोणपाटात शिवलेला,
सातपाटीहून मनोर, जव्हार, मोखाडा करत
हरेश्वर तांडेलच्या टेम्पोतून.
त्र्यंबकपाशी त्याला नदी भेटते, नुकती जन्मलेली,
जवळच्या समुद्राकडे पाठ करून
पूर्वेला निघालेली.
"सोयरीक लांबची ठरली तिची,"
एवढंच ठकूबाई म्हणतात.

मागच्या वर्षी घाट बंद होता, बाजार भरला नाही.
मी नऊ वह्या जमिनीवर मांडल्या
आणि भाव वाचत गेलो.
बोंबील शेकड्यावर. जवळा मापावर.
काही पानांवर जवळा इतका स्वस्त
की शिगोशीग माप, वर मूठभर फुकट.
काही पानांवर नुसती रेघ,
शेजारी माझंच शाळकरी अक्षर: माल आला नाही.
चार वर्षांनी पुन्हा रेघ. मग सहा. मग तीन.
ठेका म्हणावा तर ठेका नाही,
नाही म्हणावं तर पाय आपोआप पडतो.

मी सांगायला गेलो: मावशी,
पेरूच्या किनाऱ्यापाशी पाणी तापलं की...
"पेरू? लखनौचा का सरदार?"
देश आहे म्हटलं. लांब.
तिकडं पाणी तापलं की इकडचे वारे वाट चुकतात,
आपल्या समुद्रावरही ऊब साचते,
खालचं गार पाणी खालीच राहतं
आणि माशांचं खाणं त्या खालच्या पाण्यात.
त्यांनी सुपातला जवळा पाखडला, एक खडा भिरकावला.
"म्हंजे वरण," म्हणाल्या.
"ढवळलं न्हाई तर डाळ बुडाला.
वरच्यावर वाढून घेणाऱ्याला नुसतं पाणी."

मला पुस्तकाची दोन प्रकरणं लागली होती.

"मग पळी कुटं असती?"

पळी आपल्याच अंगावरून जाते.
पौषात उत्तरेचा वारा येतो,
निफाडला पानांवर दव गोठवतो,
द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवायला लावतो,
त्याचाच एक भाऊबंद गुजरातवरून
समुद्रावर उतरतो.
वरचं पाणी गारठतं, जड होतं, बुडतं,
खालचं वर येतं, डाळीसकट.
मग डोळ्यांना न दिसणारं हिरवं,
त्याच्यामागे जवळा, जवळ्यामागे बोंबील,
बोंबलामागे हरेश्वरच्या भावाची होडी,
आणि अगदी शेवटी, इथे,
तुमचं पत्र्याचं माप.

"म्हंजे बागवाल्याची रात वाईट
त्या साली माजं बरं."
नेहमी नाही, म्हटलं.
वहीत दोन वर्षं अशी आहेत
की शेकोट्या पेटल्या आणि जवळा तरी नाही.
जाळ्यांची भोकं बारीक होत गेली, ते वहीत नाही.
डिझेल नाही. हरेश्वरच्या बापाचं दुखणं नाही.
रेघ सगळ्याला एकच.

यंदा पौष सरला, माझा स्वेटर पेटीतच राहिला.
माघातल्या बुधवारी टेम्पो आला,
पाचाऐवजी दोन गोण्या.
हरेश्वर म्हणाला, पाणी कोमट आहे,
हात घातला की कळतं.
ठकूबाईंनी गोणीची शिवण उसवली,
कोपरापर्यंत हात आत घातला
आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"लिही."
मी भाव विचारला.
"भाव मागनं," म्हणाल्या. "आदी लिही:
कोमट."